नेरच्या दुकानातलं बुडालेलं जहाज

२०१० सालच्या जानेवारीत नेरच्या बसस्टँडसमोर, ‘अमर डिजिटल’ नावाच्या दहा बाय बाराच्या दुकानात एक जहाज बुडालं. ते सत्यशीला गवईने बुडवलं, आणि बुडवायला तिला सव्वीस दिवस लागले.

सत्यशीला तेव्हा चोवीस वर्षांची होती. अमरच्या दुकानात ती फ्लेक्सची डिझाइनं करायची. वाढदिवस, साक्षगंध, बियाण्यांच्या जाहिराती, पुढाऱ्यांचं स्वागत, आणि त्या वर्षांत जरा जास्तच श्रद्धांजल्या. छपाई अमरावतीला व्हायची. तिचे वडील धर्मपाल एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे पेनड्राइव्ह जायचा आणि गुंडाळलेला फ्लेक्स यायचा तो त्यांच्या ओळखीच्या कुठल्यातरी कंडक्टरच्या हाती.

अमरावतीहून आणलेल्या एका कॉम्प्युटरच्या मासिकासोबत तिला सीडी मिळाली होती. तीत थ्री-डी चित्रं करायचं फुकट सॉफ्टवेअर होतं. ती ते शिकली कशी, हे अमरला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्यांदा तिने स्टूल केलं, मग कंदील, मग एका बियाणेवाल्यासाठी कापसाचं बोंड. त्या वर्षी शेतातल्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, लाल्या रोग पडला होता. नेरच्या चौकात मात्र सत्यशीलाची पांढरीशुभ्र बोंडं टरारून फुटलेली असायची. लोक थांबून बघायचे आणि म्हणायचे, ‘कॉम्प्युटरमंधलं पीक बरं आलं यंदा.’

इंटरनेटवर अशी चित्रं करणाऱ्यांचा एक मंच होता. जगभरचे लोक तिथे आपलं काम टाकायचे आणि एकमेकांच्या चुका काढायचे. दर दोन महिन्यांनी स्पर्धा व्हायची. या खेपेचा विषय होता ‘बुडालेलं जहाज’. आधी कच्चं चित्र टाकायचं, अभिप्राय घ्यायचे, सुधारायचं आणि फेब्रुवारीच्या अखेरीला पक्कं चित्र पाठवायचं, असा नियम. सत्यशीलाने पुस्तकांतले जहाजांचे फोटो जमवले, शिडाच्या काठ्या मोजल्या, फळ्या एकेक करून बसवल्या, जहाज वाळूवर कलतं ठेवलं आणि सगळीकडे निळं पाणी भरलं. मग छातीत धडधडत चित्र मंचावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी नऊ अभिप्राय आलेले होते. ती शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला बसली.

एकाने लिहिलं होतं, छान सुरुवात. दुसऱ्याने लिहिलं होतं, सुंदर निळा रंग. तिसऱ्याने तिच्या नावाखालचं ‘यवतमाळ, भारत’ वाचून इंटरनेटवर शोध घेतला होता. ‘तुमच्या जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकांबद्दल वाचलं,’ त्याने लिहिलं होतं. ‘फार वाईट वाटलं. अशा ठिकाणी राहून तुम्ही चित्र करता हेच खूप आहे. माझ्याकडून पाच तारे.’ त्याच्याखाली आणखी तिघांनी पाच-पाच तारे दिले होते आणि हात जोडले होते.

सत्यशीलाने शब्दकोश आपटला.

‘काहून व, काय झालं?’ अमरने विचारलं.

‘मी जहाजाबद्दल इचारलं होतं, अमरदादा. हे माह्या दारात मयतीले आल्यावानी बोलून राह्यले.’

शेवटचा अभिप्राय मात्र वेगळा होता. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव ‘ओल्ड अँकर’ ठेवलं होतं. त्याने ना नमस्कार केला होता, ना तारे दिले होते. ‘हे जहाज बुडालेलं नाही,’ त्याने लिहिलं होतं. ‘ते एका निळ्या खोलीत ठेवलेलं आहे. तुम्ही कधी पाण्याखाली गेला आहात का?’

संध्याकाळी तिने घरी ते वाचून दाखवलं. धर्मपालांनी ‘अँकर’ म्हणजे काय ते विचारलं. तिने शब्दकोश पाहून सांगितलं, ‘नांगर.’

‘जुना नांगर,’ धर्मपाल म्हणाले. ‘म्हणजे कास्तकारच दिसते बिचारा.’

‘बाबा, जहाजाचा नांगर.’

‘असो. पण बोलते खरं. तू कधी गेली पाण्याखाली?’

ती गेली नव्हती. तिला पोहता येत नव्हतं, समुद्र तिने पाहिलेला नव्हता. तिने मंचावर तसंच मोडक्या इंग्रजीत कळवलं: नाही गेले, समुद्र आमच्यापासून सातशे किलोमीटरवर आहे. ओल्ड अँकरचं एका ओळीचं उत्तर आलं. ‘मग जवळ असेल ते पाणी शोधा.’

जवळचं पाणी चार दिवसांनी आपणहून दुकानात आलं.

पिंपरडोहच्या धरणावर मासेमारी करणाऱ्यांची एक सहकारी संस्था होती. तिचे अध्यक्ष डोमाजी भोई वार्षिक सभेचा बॅनर सांगायला आले. साठीचा काटक माणूस, डोक्याला पांढरं फडकं, हातात मजकुराचा कागद. अमर चहा सांगायला बाहेर गेला होता. डोमाजी सत्यशीलाच्या मागे येऊन उभे राहिले आणि पडद्याकडे बघत राहिले.

‘हे काय काढलं व पोरी?’

‘बुडालेलं जहाज आहे, काका.’

‘कुठं बुडालं?’

‘समुद्रात. पाण्याखाली आहे ते.’

डोमाजींनी मान तिरपी करून पाहिलं. ‘पानी कुठं हाय?’

‘हे निळं सगळं पाणीच तं आहे.’

‘हे पानी नोहे,’ डोमाजी शांतपणे म्हणाले. ‘हे आभाळ हाय.’

आठवडाभर रागात असलेल्या सत्यशीलाला एकदम हसू आलं. तिने स्टूल पुढे ओढलं. ‘बसा काका. अजून काय चुकलं ते सांगा.’

डोमाजी बसले. चित्रातल्या जहाजावर तिने एक लाल निशाण लावलं होतं; त्यांनी आधी त्याच्यावर बोट ठेवलं. ‘लाल रंग कायले ठेवला? लाल पहिले जाते. मी जाळ्याले खुणेची लाल चिंधी बांधतो. दोन पुरुस खाली गेली का काळी दिसते थे. आन् गाळ पाय. गाळ वरतून बसते. वरच्या अंगाले बसते, खालचं अंग कोरं राहते. तू सगळीकून सारखा माखला, भाकरीच्या गोळ्याले पिठी लावल्यावानी.’

सत्यशीला भराभर लिहून घेत होती. ‘तुम्ही पाहिलं काका, बुडालेलं जहाज?’

‘जहाज कुठून पाहू? लाँच पाह्यली. धरनावर एक लोखंडाची लाँच होती, सात वर्स झाले तिले बुडून. हप्त्याले एकडाव माहं जाळं तिच्यात अटकते, न मले खाली जा लागते सोडवाले. तिचा कोपरान् कोपरा मले ठाऊक हाय.’

‘मले दाखवता?’

‘ये न रैवारी. आता पानी निवळलं हाय. होळीनंतर काही दिसनार नाई.’

घरी ही गोष्ट निघाली तेव्हा धर्मपाल गरजले, ‘तुले पोहता येते का?’

‘नाही. म्हणून तं तुम्ही चला.’

‘मले तरी कुठं येते?’

तरी रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. पोरीला एकटीला पाण्यावर पाठवायचं नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता. आपण काठावर बसणार, हे त्यांनी बसमध्ये तीनदा सांगितलं.

पिंपरडोहला डोमाजी आणि त्यांच्या पत्नी विमलताई काठावर वाट पाहत होते. विमलताईंनी आल्याआल्या चहा दिला आणि धर्मपालांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून म्हणाल्या, ‘कंडक्टरसाहेब, डोंग्यात बसाचं असन तं पॅन्ट वर करा.’

‘मी काठावर बसनार आहे.’

‘काठावर मी बसतो. मले मासे निसाचे हायेत. तुमी जा.’

विमलताईंच्या आवाजात असं काही होतं की धर्मपालांनी पॅन्ट वर केली.

डोमाजींनी डोंगा हाकारला. पाणी आरशासारखं सपाट होतं आणि अंगाला थंडी चावत होती. धर्मपाल दोन्ही हातांनी काठ धरून बसले होते, आणि खरं तर त्यांचे डोळे मिटलेले होते. मधे एका ठिकाणी तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काठ्यांचा, भारा बांधून खूण केलेली होती. तिथे थांबून डोमाजींनी डोंग्यातून तेलाचा रिकामा डबा काढला. त्याचं बूड कापून तिथे काच बसवली होती आणि कडेने डांबर लावलं होतं.

‘हा पान्यावर ठेव, न वरतून आत पाय.’

सत्यशीला डोंग्यात पालथी झाली. डबा पाण्यात टेकला तशी वरची चमक एकदम नाहीशी झाली आणि काचेपलीकडे खोली उघडली.

आधी तिला काहीच दिसलं नाही. नुसता हिरवट पिवळा उजेड, आणि त्यात धुळीसारखे कण, हजारो, अगदी सावकाश तरंगणारे. मग त्या उजेडातून एक कड वर आली. ती लाँचच्या छताची कड होती. तिच्यावर मऊ गाळाचा जाड थर होता, रात्रभर धुकं पडून गोठावं तसा. आणि कडेच्या खाली, जिथे गाळ बसूच शकत नव्हता, तिथे गंजलेलं लोखंड स्वच्छ दिसत होतं. छताच्या पुढे दोन हातांवर खिडकी होती. खिडकीच्या पुढे काहीच नव्हतं. म्हणजे लाँच होती, पण पाणी ती दाखवत नव्हतं.

‘काका, अख्खी कुठून दिसते?’

‘कुठूनच नाई. जेवढी हाताशी तेवढी दिसते. बाकी तुले ठाऊक असाले पाह्यजे.’

हे ऐकून सत्यशीला डब्यावरून उठून बसली. तिच्या चित्रात जहाज नाकापासून शेपटीपर्यंत लख्ख दिसत होतं. सव्वीस दिवस तिने एकेक फळी बसवली होती, म्हणून एकही फळी लपवायचं तिच्या मनात आलं नव्हतं.

डोमाजींनी डोक्याचं फडकं काढून ठेवलं, श्वास भरला आणि आवाज न करता खाली गेले. ती पुन्हा डब्याला चिकटली. तिला त्यांचा हात दिसला, मग पाठ. त्यांनी छताला नुसता तळवा टेकवला, आणि तिथून गाळ धुरासारखा उठला. तो वर आला, पसरला आणि खाली बसायचं नावच घेईना. डोमाजी वर येऊन धापा टाकून झाले, तरी तो तिथेच लोंबकळत होता.

‘सत्या,’ मागून धर्मपाल म्हणाले. ‘मले पाहू दे जरा.’

तिने डबा दिला. त्यांनी एक हात काठावरून सोडला, मग दुसरा. मग ते पोरीसारखेच पालथे झाले. त्यानंतर पंधरा मिनिटं तो डबा कोणाला मिळाला नाही.

‘खिडकीत मासा बसला आहे,’ डब्यातून घुमणारा आवाज आला. ‘तिकीट काढून बसल्यावानी. हालूनच नाही राह्यला. अरे, अरे, उतरला!’

‘बाबा, मी कामासाठी आली आहे.’

‘मी काय खेळाले आलो?’

परत काठावर आले तेव्हा त्यांचा शर्ट पुढून ओलाचिंब होता आणि ते विमलताईंना मासा कसा बसला होता ते हातवारे करून सांगत होते. विमलताईंनी तो मासा कोणता ते लगेच ओळखलं.

सोमवारी सत्यशीलाने निळं पाणी पुसून टाकलं. अमरला रडू यायचं बाकी होतं. ‘एवढं चांगलं दिसून राह्यलं होतं!’ तिने अर्धं जहाज अंधारात घातलं. लाल निशाण काळपट केलं. फळ्यांच्या वरच्या अंगावर गाळ बसवला, खालचं अंग कोरं ठेवलं. पाण्यात कण सोडले. गाळाचा एक लोट असा उठवला की कोणीतरी नुकतंच तिथून हात काढला असावा. त्यासाठी तिला सहा दिवस आणि दोन भांडणं लागली, दोन्ही अमरशी.

मग प्रश्न आला विजेचा. असं चित्र कॉम्प्युटरकडून पक्कं करून घ्यायला, म्हणजे रेंडर करायला, अठरा तास लागणार होते, आणि मधे वीज गेली की सगळं पहिल्यापासून. नेरला तेव्हा सकाळी चार तास आणि दुपारी चार तास भारनियमन. इन्व्हर्टर दीड तास चालायचा, तोही पंखा बंद ठेवला तर. दोनदा वीज गेली आणि दोनदा चित्र अर्ध्यावर मेलं. तिसऱ्या दिवशी सत्यशीलाने चित्राच्या नऊ आडव्या पट्ट्या पाडल्या. एक पट्टी दोन तासांची. वीज आली की पट्टी लावायची, पट्टी पूर्ण झाली की जपून ठेवायची, आणि शेवटी नऊही एकमेकींना जोडायच्या. अमरने दुकानाच्या दारावर भारनियमनाचं वेळापत्रक चिकटवलं आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागला, ‘आता नाही, पट्टी चालू आहे.’ गिऱ्हाइकंही बाहेरून विचारू लागली, ‘कितवी चालू हाय?’

नऊ पट्ट्या जोडल्या त्या दिवशी डोमाजी बॅनरचं काय झालं ते पाहायला आले. सोबत विमलताई होत्या आणि संस्थेचे पाच सभासद. दुकानात जागा नव्हती, म्हणून तिघे बाहेर उभे राहून खिडकीतून बघत होते.

डोमाजींनी पुन्हा मान तिरपी करून पाहिलं. मग म्हणाले, ‘आता पानी हाय.’

सभासदांनी माना डोलावल्या. एकाने गाळाच्या लोटाकडे बोट दाखवून विचारलं, ‘इथं कोन गेलतं?’ तेवढ्यावरच सत्यशीला खूश झाली. मग विमलताई पुढे आल्या. जहाजाच्या खिडकीपाशी सत्यशीलाने एक रोहू पोहता ठेवला होता. तिने त्यासाठी शुक्रवारच्या बाजारात जाऊन रोहूचे चाळीस फोटो काढले होते, खवला न् खवला मोजला होता.

‘हा मासा मेला हाय,’ विमलताई म्हणाल्या.



‘मेला नाही काकू, पोहून राह्यला तो.’

‘बाई, तोंड पाय त्याचं. असं वासलेलं तोंड माह्या टोपल्यात असते. पख पाय, पडले हायेत सारे. तू बजारातला पाहून काढला न?’

सत्यशीलाने होकारार्थी मान हलवली.

‘मंग! मी तीस वर्स मेलेले मासे इकून राह्यलो. मले नाई समजन तं कोनाले समजन?’ विमलताईंनी उजवा हात आडवा धरला, बोटं जुळवली आणि अंगठा सुटा ठेवला. ‘जिता मासा एका जाग्यावर उभा असला तरी उगा नसते राहत. हे पख असे चालते. बारीक बारीक. शेपटी जराशी तिकडं, जराशी इकडं. तोंड मिटते, उघडते, पन एवढं नाई. आन् तो आपल्याले पाह्यते. तुह्या माशाचं ध्यानच नाई कुठं.’

त्या दहा बाय बाराच्या दुकानात विमलताईंचा हात हवेत पोहत होता, आणि बाहेरचे तिघे खिडकीतून बघत होते. सत्यशीलाने मोबाइल काढून त्या हाताचे फोटो घेतले. माशाचा तुकडा तिने पुन्हा केला: पंख ताणलेले, शेपटी किंचित वळलेली, डोळा बघणाऱ्याकडे. तेवढी एक पट्टी नव्याने लावली. मुदतीला एक दिवस बाकी असताना चित्र गेलं.

निकालाआधीच ओल्ड अँकरचा अभिप्राय आला. सत्यशीलाने तो तीनदा वाचला आणि मग मोठ्याने वाचला.

‘मी चाळीस वर्षं एका बंदरात पाणबुड्याचं काम केलं,’ त्याने लिहिलं होतं. ‘तुमचं चित्र पाहताना मी श्वास रोखून धरला, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. गाळ बरोबर आहे. मासा जिवंत आहे. दोर मात्र चुकला आहे. पाण्यात इतकी वर्षं राहिलेला दोर इतका नवा नसतो. हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?’

तिने उत्तर लिहिलं. पिंपरडोहचं धरण, डोमाजी, विमलताई, काच लावलेला डबा, सगळं. इंग्रजी चुकलं तिथे चुकू दिलं. त्याने उलट टपाली कळवलं, ‘दोघांनाही माझा नमस्कार सांगा.’

नमस्कार पोचवला तेव्हा डोमाजींनी आधी दोराचं विचारलं. तिने चित्र दाखवलं. डोमाजींनी डोळे बारीक केले. ‘खरं बोलते बुढा. दोर कालच बजारातून आनल्यावानी हाय. माह्या नजरेतून सुटला.’ त्याचं त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

निकाल लागला. चौऱ्याऐंशी चित्रांत सत्यशीलाचं सातवं आलं. पहिल्या तिघांना बक्षीस होतं, बाकीच्यांना नुसता क्रमांक. धर्मपाल आधी हिरमुसले. त्यांच्या मते पहिल्या पाचांत नसेल तर नंबर धरत नाहीत. पण दुपारी ते बसस्टँडवर गेले आणि संध्याकाळपर्यंत दारव्हा, अमरावती आणि यवतमाळ या तिन्ही मार्गांवरच्या कंडक्टरांना ठाऊक झालं होतं की गवईंची पोरगी जगात सातवी आहे. कशात, ते कोणाला नीट सांगता येत नव्हतं. एकाने पाण्यात असं सांगितलं, आणि काही दिवस नेरमध्ये सत्यशीला उत्तम पोहते असा समज होता.

राहिला होता बॅनर. डोमाजींनी सांगितलं, संस्थेच्या बॅनरवर हेच चित्र पाहिजे.

अमरने कपाळाला हात लावला. ‘काका, बुडालेलं जहाज? वार्षिक सभेले? लोक म्हणतील संस्था बुडाली!’

‘म्हनू दे.’

‘पाहुणे येनार. साहेब लोक येनार. वर फोटो कोनाचे टाकू?’

‘माशाचा हाय न फोटो,’ विमलताई म्हणाल्या.

बॅनर छापला गेला. वीस बाय दहाचा, अमरावतीच्या बसच्या टपावरून आला. सभेच्या दिवशी धरणाच्या काठावर दोन बांबूंमध्ये तो ताणला तेव्हा वाऱ्याने फुगायचा, आणि जहाज खरंच पाण्यात हलल्यासारखं वाटायचं. तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी जे विचारायचं तेच विचारलं. डोमाजी माइकपाशी गेले. ‘साहेब, जहाज बुडालं म्हनून त्यात मासे राह्यले हायेत. आमी तिथंच जाळं टाकतो,’ ते म्हणाले, आणि थेट जमाखर्चाच्या विषयाकडे वळले, कारण त्यांना भाषण येत नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्यशीलाला पुढे बोलावून नारळ दिला. धर्मपाल पहिल्या रांगेत बसले होते, आणि शेजारच्याला डब्याच्या काचेवर डांबर कसं लावतात ते सांगत होते.

जेवणं झाल्यावर विमलताईंनी सत्यशीलाला बाजूला नेलं. बॅनरपासून लांब, जिथून धरणाचं मोकळं पाणी दिसत होतं तिथे.

‘तुह्या कॉम्प्युटरमंधी बुडवता येते,’ त्या म्हणाल्या. ‘मंग काढता बी येत असन.’

‘काय काढाचं, काकू?’

विमलताईंनी पाण्याकडे हात केला. ‘जुनं पिंपरडोह तिथं होतं. आमचं घर होतं. धरन भरलं त्याले सोळा वर्स झाले. फोटो नाई एकई. तवा कोनाजवळ होता क्यामेरा? नातू इचारते घर कसं होतं, न आमचं दोघाचं जमत नाई. हे म्हनते दार उगवतीले होतं. मी म्हनतो बुडतीले.’

पुढच्या सोमवारी दोघेही दुकानात आले. दोन स्टुलांवर बसले. सत्यशीलाने चार भिंती उभ्या केल्या आणि विचारलं, ‘दार कुठं?’ तासभर तेच चाललं. शेवटी विमलताईंनी विचारलं, सकाळी अंगणात सडा टाकताना ऊन डोळ्यांवर यायचं की पाठीवर? ‘पाठीवर,’ डोमाजी म्हणाले. दार बुडतीला गेलं.

पण कोनाड्याच्या बाबतीत डोमाजींचं खरं निघालं. खुंट्या तीन होत्या, चार नाही. चुलीजवळची भिंत काळी पाहिजे. छपराची कवेलू एका जागी नवी, कारण तिथून माकड पडलं होतं. सत्यशीला दाखवायची, ते दोघं चुका काढायचे, ती पुसून पुन्हा करायची. विमलताईंना अंगण आधी फारच स्वच्छ वाटलं, मग फारच घाण वाटलं. डोमाजींना जाळं वाळत घातलेली दोरी पाहिजे होती; या खेपेला सत्यशीलाने ती जुनीच केली, आणि त्यांनी तिला बोट लावून पाहिलं.

अठरा दिवसांनी ते घर तयार झालं. कोरडं, सकाळच्या उन्हातलं, दार उघडं. अमरने ते मोठ्या कागदावर छापून आणलं आणि काउंटरवर पसरलं. डोमाजी त्याच्यावर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. विमलताईंना मागून काही दिसेना.

‘सरका न जरासे,’ त्या म्हणाल्या. ‘मले दारातून आत पाहू द्या.’

ते सरकले. विमलताईंनी डोळे पुसले आणि लगेच, त्याच आवाजात, सांगितलं की चुलीवरचं पातेलं एवढं मोठं नव्हतं.

दोन दिवसांनी सत्यशीला दुकान उघडायला आली तेव्हा पायरीवर पिंपरडोहची बारा माणसं बसली होती. कोणाला घर पाहिजे होतं, कोणाला गावातली विहीर, एकाला फक्त गोठा. शाळेची भिंत पिवळी होती की पांढरी यावरून त्यांचं तिथेच वाजलं होतं. अमरने आतून बाकडं आणून बाहेर टाकलं, चहा सांगितला, आणि दारावरचं वेळापत्रक पाहून म्हणाला, ‘वीज अकरापर्यंत हाय. पहिले कोन?’